यंत्र धडधाकट, ड्रायव्हर नाही

मा. सचिव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ची ३२ बिट आवृत्तीच नाही. त्यामुळे ज्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला संगणकाशी जोडणारा प्रोग्रॅम, निर्मात्याने केवळ ३२ बिटसाठी लिहिला होता, तो नव्या संगणकाला जोडला तरी चालत नाही. त्याची काच, मोटर, दिवा सगळे शाबूत असते. तरीही तो भंगारात जातो. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आले तेव्हाही असेच झाले होते आणि २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिट प्रोग्रॅम चालवणे थांबवले तेव्हाही. सरकारी कार्यालयात अशी वस्तू टाकून दिली जाते तेव्हा तिची किंमत करदाता दुसऱ्यांदा मोजतो.

हे वारंवार का घडते, याचे उत्तर ड्रायव्हर कोणाच्या ताब्यात आहे यात आहे. विंडोजवर तो निर्माता लिहितो आणि त्याचा स्रोत (मूळ कोड) बहुधा स्वतःकडेच ठेवतो. म्हणून नवे उपकरण पहिल्या दिवशी उत्तम चालते; याबाबतीत विंडोजला तोड नाही, हे मान्यच करायला हवे. पण मॉडेलची विक्री थांबली की जुना ड्रायव्हर सुधारण्यात निर्मात्याला काही लाभ उरत नाही. ॲपल संगणक आणि प्रणाली दोन्ही स्वतः घडवते, त्यामुळे आतल्या भागांची चिंता नसते. बाहेरून जोडलेल्या उपकरणांची गत मात्र तीच. लिनक्सची रीत निराळी. तिथे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, स्रोतातच नांदतात आणि कर्नलची अंतर्गत रचना जो बदलेल, त्यानेच त्यावर विसंबलेले ड्रायव्हरही दुरुस्त करायचे असतात. स्कॅनरांसाठी ‘सेन’ हा मुक्त प्रकल्प कर्नलबाहेर हीच जबाबदारी सांभाळतो. काही ड्रायव्हर तिथेही कालांतराने काढले जातात, पण स्रोत सर्वांसमोर राहतो. ज्याला गरज असेल तो ते काम पुढे नेऊ शकतो.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली घडवली. परंतु प्रणाली मुक्त आणि तिला जोडायचा स्कॅनर फक्त विंडोजचा असेल, तर ते धोरण कारकुनाच्या टेबलावर अडते. म्हणून सरकारी खरेदीत प्रिंटर व स्कॅनरच्या तांत्रिक अटींत एवढेच घालावे: लिनक्सचा ड्रायव्हर स्रोतासह उपलब्ध हवा, किंवा उपकरण खुल्या मानकावर वेगळ्या ड्रायव्हरविना चालायला हवे.

लिनक्सवर कित्येक नवी उपकरणे नीट चालत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण मोठा ग्राहक मागत नाही तोवर निर्माता कशाला देईल? व्यापारी गुपिते उघडी पडतील, ही भीतीही टिकत नाही. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या लिनक्स ड्रायव्हरच्या कर्नल भागाचा स्रोत खुला केला. जे राखायचे होते ते उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये आणि ड्रायव्हरच्या कर्नलबाहेरील बंद भागात राहिले. या अटीमुळे पुरवठादारच उरणार नाहीत असे म्हणावे, तर एचपी आपल्या प्रिंटरांसाठी लिनक्सचे मुक्त सॉफ्टवेअर कित्येक वर्षे देत आहे. ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’सारख्या छपाईच्या खुल्या मानकामुळे ड्रायव्हरच लागणार नाहीत, हा युक्तिवाद मला सर्वांत वजनदार वाटतो. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये त्याच दिशेने जाण्याचे जाहीर केले. पण त्याचा फायदा नव्या प्रिंटरांना. संगणकावरच तयार झालेले पान निर्मात्याच्या खास भाषेत मागणाऱ्या स्वस्त लेसर प्रिंटरांना तो नाही.

नव्या संगणकांच्या निविदांसोबत प्रिंटर-स्कॅनरांच्याही निविदा निघतील. त्या निघण्याआधी ही अट घालावी, ही विनंती.

आपला,
एक करदाता