निदान आधी, उपचार मागून

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडावा आणि त्यावर काळोखावाचून काहीच दिसू नये, हा अनुभव आता पुष्कळ घरांत येतो. संगणकावर लिनक्स असेल, तर जाणती मंडळी तत्काळ निकाल देतात, "लिनक्स काढून टाका," किंवा "सर्व पुसून नव्याने भरा." माझे नम्र मत असे, की हा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होय. प्रणाली पुसताना मुलांचे वर्षभराचे लेखन आणि कुटुंबाची छायाचित्रे नाहीशी होण्याचा धोका असतो; आणि दोष केबलमध्येच असेल, तर एवढे करूनही पडदा काळा तो काळाच!

विद्यार्थी मित्रहो, दोष शोधण्यास क्रम असावा लागतो. प्रथम बाहेरचे पाहावे. मॉनिटरला वीज मिळते काय? केबल ज्या पोर्टमध्ये बसविली, तेच इनपुट मॉनिटरवर निवडले आहे काय? तीच केबल व तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकास जोडून पाहावा. तेथे चित्र उमटले, तर दोन्ही निर्दोष ठरतात आणि शोध लॅपटॉपपुरता उरतो. यूएसबी-सी पोर्टविषयी विशेष सावध असावे. दिसण्यात सर्व सारखे असले, तरी प्रत्येकातून चित्र जातेच असे नाही.

मग आत वळावे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये, किंवा एक्स-ऑर्ग वापरणाऱ्या संगणकावर 'एक्सरँडर' ही आज्ञा देऊन, मॉनिटर ओळखला गेला आहे काय ते पाहावे. ओळखला असूनही पडदा काळा असेल, तर रिझोल्यूशन व रिफ्रेश रेट कमी करून पाहावे. ओळखलाच नसेल, तर संशय पोर्टवर किंवा ड्रायव्हरवर जातो. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या कित्येक लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट दुसऱ्या चिपला जोडलेला असतो. तिचा ड्रायव्हर चालू नसला, की आतला पडदा उजळतो आणि बाहेरचा अंधारात राहतो. अपडेटनंतर बिघाड झाला असल्यास, संगणक सुरू होतानाच्या यादीतून आधीचा कर्नल निवडावा. चित्र परत आले, तर दोष नव्या कर्नलकडे अथवा त्याच्या ड्रायव्हरकडे आहे, हे कळते. मात्र एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत टिपावा. एरवी कोणत्या उपायाने गुण आला, हे कधीच उमगत नाही.

कारण शोधण्याची ही शिस्त आपल्या तारनाक्याला नवखी नाही. येथील राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेस आली. पेलाग्रा हा रोग मका खाणाऱ्यांचा, असा समज रूढ होता. येथील रुग्णांच्या ताटात तर ज्वारीची भाकरी होती. संशोधकांनी रूढ उत्तरावर समाधान न मानता अन्नातील घटक तपासले आणि १९६० साली ज्वारीतील ल्यूसिन या अमायनो आम्लाकडे लक्ष वेधले. त्या मताची चर्चा पुढेही होत राहिली. शास्त्राची रीत तीच आहे.

कोणी म्हणेल, इतर प्रणालींवर इतका खटाटोप पडत नाही. त्यात तथ्य आहे. बहुतेक लॅपटॉप विंडोज डोळ्यांपुढे ठेवून बनविले जातात. परंतु १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेल्या लिनक्सची रचना कोणासही उघडून पाहता येते, आणि संगणकाने आत ठेवलेल्या नोंदी 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने वाचता येतात. जिज्ञासू विद्यार्थ्यास याहून चांगली पाठशाळा कोणती?

म्हणून शाळांना एक सुचवावेसे वाटते. संगणकाच्या तासाला शिक्षकांनी मुद्दाम केबल सैल करावी, चुकीचे इनपुट निवडून ठेवावे आणि विद्यार्थ्यांस शोध घेऊ द्यावा. गुण वहीतील नोंदींना द्यावेत. पडदा उजळला की नाही, हा प्रश्न दुय्यम समजावा. असा विद्यार्थी उद्या दवाखान्यात, कारखान्यात वा प्रयोगशाळेत गेला, तरी कारण कळण्याआधी औषध देण्याची घाई करणार नाही.