प्रवाळ म्हणजे दगड नव्हे

प्रतिमा समजण्यासाठी वस्तू समजावी लागत नाही, असा एक सोयीस्कर समज साहित्याच्या वर्गांत चांगलाच रुजला आहे. कवितेत पोवळे आले की ‘लालिमा’, फार तर ‘मौल्यवानता’ एवढी टीप वहीत उतरते आणि तास पुढे सरकतो. घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्याला आम्ही साहित्यिक मंडळी ‘हौशी’ म्हणून निकालात काढतो आणि त्याच्या टाकीला ‘बंदिस्त मध्यमवर्गीय जीवनाचे प्रतीक’ म्हणून राबवतो. या वृत्तीला आमचा विरोध आहे. खाऱ्या पाण्यात प्रवाळ जगवणारा माणूस त्या जिवाचे जे वाचन करतो, ते आपल्या बहुतेक प्रतिमा-विश्लेषणापेक्षा अधिक सावध आणि अधिक जबाबदार असते.

भाषेने प्रवाळाला फार काळ चुकीचे वाचले. संस्कृतातील ‘विद्रुम’मध्ये झाड दडले आहे, ‘प्रवाल’ म्हणजे पोवळे आणि कोवळा अंकुरही. ऑव्हिडने मेड्युसाच्या कथेत समुद्रवनस्पतीचे पोवळे झालेले दाखवले. प्रवाळ हा प्राणी आहे, असे जाँ-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने १७२०च्या दशकात सांगितले, तेव्हा रेओम्यूर यांनी ते मत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याचे नाव न घेता मांडले. त्याचे हसे होऊ नये म्हणून! प्राचीन कवींना दोष देण्याचे कारण नाही. पण तीन शतकांनंतरही दागिन्यातले तांबडे पोवळे आणि उष्ण समुद्रात प्रवाळभित्ती रचणारे दगडी प्रवाळ यांत भेद न करणाऱ्या समीक्षकाला ती सवलत कशी द्यावी?

टाकीत हा भेद टाळता येत नाही. दगडी प्रवाळ ही इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या बळावर केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. त्यावर जगणारा प्राणी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा रचतो. म्हणून पाळणारा मोजत राहतो: तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर घालायची ती क्षाररहित शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. माशांच्या आजारावरचे तांबेयुक्त औषध त्याच टाकीत ओतले तर प्रवाळ मरते. आणि सर्वांत महत्त्वाचे, आकडा थोडा कमी असला तरी तो स्थिर हवा. रातोरात केलेली ‘सुधारणा’ पुष्कळदा उणिवेपेक्षा घातक ठरते. समुद्र अफाट आहे, म्हणून सावकाश बदलतो. दोनशे लिटरची टाकी मे महिन्यात दुपारची वीज गेली तरी बदलते.

आता सौंदर्याकडे वळू, कारण आमच्या विद्यार्थ्यांना तेच प्रिय. पाणी अतिनिर्मळ केले, त्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेले, तर प्रवाळ उपासमारीने फिके पडते. उष्णतेने शैवाल निघून गेले, की पारदर्शक ऊतीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. काही जाती तर या संकटात विलक्षण झगझगीत रंग धारण करतात. तेव्हा निर्मळता म्हणजे आरोग्य नव्हे आणि झळाळी म्हणजे उत्कर्ष नव्हे. शुभ्रतेला पावित्र्याशी आणि रंगाला आनंदाशी जोडण्याची आमची ठरीव कोष्टके येथे सपशेल कोलमडतात.

‘कवी प्राणिशास्त्रज्ञ नसतो’ हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. नसू दे, पण वाचकाने आपले अज्ञान कवीच्या स्वातंत्र्याआड लपवू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही हौसच समुद्र ओरबाडते. तो आम्हाला मान्य आहे. भारतात दगडी प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातून त्याचा तुकडा दिवाणखान्यासाठी उचलणे हा गुन्हाच आहे. परंतु असा तुकडा उचलणारा आणि प्रवाळाला निव्वळ अलंकार मानणारा समीक्षक, दोघांचीही दृष्टी एकच: समोर सजावट आहे, जीव नाही. आम्ही बाजू घेतो ती बाळगणाऱ्याची नव्हे, रोज पाहणाऱ्याची. त्यासाठी घरात टाकी असण्याचीही गरज नाही.

२०२४ साली जगातील प्रवाळभित्तींच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. ज्याला प्रवाळ हा दगड वाटतो, त्याला त्या बातमीत रंग उडाल्याखेरीज काहीच ऐकू येणार नाही. साहित्याचे शिक्षण संवेदना तीव्र करते, असे आपण पदवीदान समारंभात म्हणतो. मग प्राध्यापकांना आमची एवढीच मागणी आहे: पुढच्या प्रश्नपत्रिकेत ‘पोवळ्याची प्रतिमा स्पष्ट करा’ असे विचाराल, तेव्हा एक उपप्रश्न जोडा. या कवितेतले पोवळे जिवंत आहे की मेलेले? आणि त्याला निम्मे गुण ठेवा.