बिनपगारी उमेदवारी कुणाला परवडते?

विज्ञान शिकलेल्या मुलीने पुढे काय करावं, याची उत्तरं आपल्याकडे ठरलेली आहेत. बी.एड. करावं, बँकेच्या परीक्षा द्याव्यात, एखाद्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत चिकटावं. आणि या सगळ्याच्या आधी किंवा नंतर, पण पंचविशीच्या आत, लग्न करावं. अलीकडे त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. मोठ्या संशोधन संस्था माध्यमांशी संपर्क ठेवण्यासाठी वेगळी माणसं नेमू लागल्या आहेत. शास्त्रज्ञांनी काय शोधलं ते सोप्या भाषेत लिहायचं, प्रसिद्धीपत्रक काढायचं, वार्ताहराला योग्य शास्त्रज्ञ गाठून द्यायचा, बातमी चुकीची छापून आली तर दुरुस्ती मागायची, असं हे काम. वरवर पाहता कचेरीतलं, साधं. पण बायकांच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं आहे.

आठवून पाहा, २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं. तेव्हा ‘इस्रो’तल्या, छान साड्या नेसलेल्या, आनंदाने हसणाऱ्या बायकांचं छायाचित्र जगभर गाजलं. याच त्या शास्त्रज्ञ, असं समजून आपण ते एकमेकींना कौतुकाने दाखवलं. पुढे ‘इस्रो’ने खुलासा केला, की त्या प्रशासकीय कर्मचारी होत्या. (त्यांनी आनंद करू नये असं थोडंच आहे? यान काही फक्त शास्त्रज्ञांचं नव्हतं.) पण रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ यांच्यासारख्या ज्या स्त्रिया त्या मोहिमेत खरोखरच मोठ्या जबाबदारीवर होत्या, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागला. साडीचं चित्र आधी पोचलं. कुठलं नाव, कुठलं चित्र, कुठल्या भाषेत बाहेर जाणार हे माध्यम विभागातल्या टेबलावर ठरतं. त्या टेबलापाशी कोण बसलेलं आहे, हा आपला प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. २०१४ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कार्डिफच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस नामवंत ब्रिटिश विद्यापीठांनी २०११ मध्ये काढलेली, आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धीपत्रकं त्यांनी मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली. लोकांना सल्ला देण्याच्या बाबतीत ४० टक्के, तर प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून माणसांविषयी बोलण्यात ३६ टक्के फुगवटा त्यांना आढळला. पत्रक फुगलेलं असलं, की बातमीही फुगते. म्हणजे सगळा दोष वर्तमानपत्रांचा म्हणून आपण जो त्रागा करतो, त्यातला बराचसा खरं तर संस्थांच्या दारात नेऊन ठेवायला हवा. पाळीच्या गोळ्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस, वंध्यत्वावरचे उपचार यांच्या बातम्या मोबाइलवर घेऊन वस्तीतल्या बायका आमच्याकडे येतात आणि विचारतात, “ताई, हे खरं का?” पत्रकाचा मसुदा होत असतानाच ‘हा प्रयोग उंदरांवर झालाय की बायकांवर?’ असं विचारणारं कुणी तिथे असतं, तर आमचं अर्धं काम वाचलं असतं.

असं विचारायला शिकवणारी जागा म्हणजे इंटर्नशिप. आपल्याकडचा जुना शब्द उमेदवारी. शोधनिबंध प्रसिद्ध होण्याच्या ठरल्या वेळेपर्यंत छापायचं नाही या अटीवर वार्ताहरांना मजकूर आधी देतात, त्याला ‘एम्बार्गो’ म्हणतात. तो कसा पाळायचा, शास्त्रज्ञाला न दुखवता त्याचं वाक्य कसं बदलायचं, ‘क्रांतिकारक’ हा शब्द कुठे खोडायचा, हे पुस्तकातून येत नाही. तीन-सहा महिने कुणाच्या तरी हाताखाली घालवावे लागतात. आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, अनुभव किती?

घोडं पेंड खातं ते इथे. यातल्या कितीतरी उमेदवाऱ्या बिनपगारी असतात. आमच्या केंद्रात येणारी एक मुलगी तालुक्याच्या गावातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. शहरातल्या एका संस्थेत तिची तीन महिन्यांसाठी निवड झाली. विद्यावेतन काही नाही, प्रमाणपत्र मिळेल. कॉट बेसिसवर राहायचं, डबा लावायचा, बसचा पास काढायचा, हे सगळं पदरचं. वडील म्हणाले, “शिकलीस ती पैसे देऊन काम करायला का?” यावर तिच्याजवळ उत्तर नव्हतं, माझ्याजवळही नव्हतं. ती गेली नाही. जागा शहरात आईवडिलांकडे राहणाऱ्या दुसऱ्या मुलीला मिळाली. त्या मुलीवर माझा राग नाही. तिनेही तीन महिने फुकटच काम केलं. पण संस्थेचं जे नुकसान झालं ते संस्थेला कळलंही नसेल. ‘प्रतिपिंड’ म्हणजे काय हे आशाताईला बसथांब्यावर उभ्या उभ्या सांगू शकणारी मुलगी तिने गमावली.

संस्था म्हणतात, आम्ही शिकवतो, आमची माणसं वेळ देतात, वर पैसे कुठून देऊ? यावर मला माझ्या एम.एस.डब्ल्यू.मधलं क्षेत्रकार्य आठवतं. त्याचेही पैसे मिळत नव्हते, आणि बसभाड्यापायी काही मैत्रिणींची ओढाताण होई, ते मी झाकत नाही. पण ते आठवड्याचे दोन दिवस होतं, पदवीचा भाग होतं. केलेल्या कामाची नोंद लिहावी लागे, ती पर्यवेक्षिका वाचत आणि दर आठवड्याला समोर बसवून बोलत. शिकवलं जातंय याचा कागदावर पुरावा होता. पूर्णवेळ पत्रकं लिहून घ्यायची, खाली नाव घालायचं नाही, कुणी शिकवायला नेमलेलं नाही, याला शिकवणं कसं म्हणायचं? घरकामाला मोल नाही म्हणून आपण इतकी वर्षं बोलत आलो. ‘अनुभव मिळतोय ना’ हे वाक्य ‘घरचंच तर काम आहे’ या वाक्याच्या सख्ख्या बहिणीसारखं ऐकू येतं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये ठरवले होते. पण ती मोठ्या कंपन्यांसाठी, आणि सुरू झाली तेव्हा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना तिचं दार बंद होतं. म्हणजे आमची एम.एस्सी. मुलगी तिथेही बाहेरच. विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘विज्ञान प्रसार’ ही सरकारी संस्था तर २०२३ मध्ये बंदच झाली.

एक मात्र मुलींनी पक्कं लक्षात ठेवावं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू आहे. प्रशिक्षणार्थी असो, उमेदवार असो, पगार घेणारी असो वा फुकट काम करणारी, त्याच्या व्याख्येत सगळ्या येतात. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच; त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. तीन महिन्यांची उमेदवारी असली, की ‘संपेपर्यंत गप्प बसू, प्रमाणपत्र हातात पडू दे’ असं वाटतं. त्यात मुदत निघून जाते. तेव्हा रुजू होण्याच्या दिवशीच समितीत कोण आहे ते विचारून ठेवावं.

संस्थांकडे आपण मागायला हवं ते फार नाही. जाहिरातीतच विद्यावेतनाचा आकडा छापा. ते शहरात राहण्या-जेवण्याला पुरेल इतकं असू दे. वसतिगृहात रिकाम्या खोल्या असतात, त्यातली एक द्या. शिकवणाऱ्या व्यक्तीचं नाव पत्रात लिहा. मुलीने लिहिलेल्या मजकुराखाली तिचं नाव घाला. आणि दोन जागा असतील तर एक मराठीत लिहिणारीसाठी ठेवा. इंग्रजी पत्रक तयार झाल्यावर ‘याचं जरा मराठी करून दे’ म्हणून पुढे सरकवण्यासाठी तिला ठेवू नका.

आणि जिला आज घर सोडता येत नाही, तिने हातावर हात ठेवून बसू नये. आपल्या विषयातला, सर्वांना मोफत वाचता येणारा एक शोधनिबंध घ्यावा. तो कुणावर, किती जणांवर, किती काळ केला हे आधी शोधावं, आणि तीनशे शब्दांत मराठीत लिहून जिल्ह्याच्या दैनिकाकडे पाठवावं. लेखिकेला एक ईमेल करून शंका विचारावी; बऱ्याचदा उत्तर येतं. छापून आलेली चार-पाच कात्रणं फाइलमध्ये लावली, की मुलाखतीत ‘अनुभव किती?’ म्हटल्यावर ती फाइल पुढे ठेवता येते.