बारा आण्यांची कोंबडी, चार आण्यांचा मसाला

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण घरोघरी ठाऊक आहे. उंची ध्वनिसंच बनविणाऱ्या अनेक कंपन्यांनी ती उलटी करून दाखविली आहे. अॅम्प्लिफायर दीड-दोन लाखांचा, त्याचे आवरण जाड धातूचे. आणि सोबतचा रिमोट मात्र हलक्या प्लास्टिकचा, अंधारात चाचपडायला लावणाऱ्या एकसारख्या बटणांचा! वास्तविक दिवसातून दहा वेळा हातात येते ती हीच वस्तू.

असे का व्हावे? महागडे संच थोडेच खपतात. तेवढ्यासाठी रिमोटचा स्वतंत्र साचा पाडणे परवडत नाही. मग तयार रिमोट घ्यायचा, त्यावर आपले नाव छापायचे, की झाले! काहींनी अॅल्युमिनियमचा घडीव रिमोट दिला. तो देखणा खरा. पण सेल बदलायचे तर आधी पेचकस शोधा, आणि हातातून निसटला तर फरशीची काळजी करा.

रिमोटची सुरुवात अशी नव्हती. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने 1956 मध्ये टीव्हीसाठी आणलेल्या, रॉबर्ट अॅडलर यांच्या 'स्पेस कमांड'ला सेलच लागत नसत. बटण दाबले की आतली हातोडी अॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा तो ध्वनी टीव्ही ओळखे. पुढे अवरक्त किरणांचे रिमोट आले, स्वस्त झाले आणि घरोघरी पोचले. आपण त्यांना प्लास्टिकची पिशवी चढवली, रबरबँड लावले, तळहातावर आपटून चालवले. स्वस्त टीव्हीबाबत हे खपून गेले. लाखाच्या संचाबाबत का खपवून घ्यावे?

शहरात निदान दुसरा रिमोट मिळतो. गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसासारख्या गावी काय करायचे? पावसाळ्याच्या दमट हवेत विसरलेला सेल पाझरला, स्प्रिंग गंजली, की संच धडधाकट असूनही मुका! कारण कित्येक संचांवर आता एखाद-दुसरेच बटण उरले आहे. बाकी सारा कारभार रिमोटच्या हाती. मोबाइलवरचे अॅप हा पर्याय सांगितला जातो. पण अॅम्प्लिफायर वीस वर्षे टिकतो. अॅप तेवढी वर्षे चालेल, याची हमी कोण देणार? शिवाय गाण्याचा आवाज कमी करायला आजोबांनी नातवाचा मोबाइल मागत बसायचे काय?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. युरोपीय संघात फेब्रुवारी 2027 पासून बहुतेक उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी ठेवण्याचे बंधन येत आहे. याच वाटेने पुढे जाऊन तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. आवश्यक बटणे संचावरही असावीत, सुटा रिमोट निदान दहा वर्षे मिळावा आणि त्याचे संकेत खुले असावेत, म्हणजे कोणताही कारागीर दुसरा रिमोट जुळवून देईल.

तोवर घरच्या घरी एवढे करावे. रिमोट बंद पडल्यास त्याचे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट उजेड दिसतो. दिसला तर रिमोट शाबूत, दोष संचात. परगावी जाताना सेल काढून ठेवावेत. आणि नवा संच घेताना दुकानदाराला आधी रिमोट दाखवायला सांगावे. गिऱ्हाईक तो पाहू लागले, तरच कंपन्या त्याकडे पाहतील.