एकूण आकडा नको, दर दाखवा

महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर कोणत्या पॉइंटला किती भाडे पडणार, हे गाडीत बसण्यापूर्वी कळते. बाजारपेठेतील चप्पल कारागीर चामडे घेताना आधी चौरस फुटाचा दर विचारतो, मग माप पाहतो. परंतु हाच कारागीर आपल्या मालाची ऑनलाइन विक्री सुरू करतो, किंवा एखादा लॉजवाला खोल्यांचे बुकिंग संगणकावर घेऊ लागतो, तेव्हा महिनाअखेर क्लाउडचे बिल येते आणि शेवटचा आकडा पाहून पैसे भरले जातात. दर कोणी विचारीतच नाही. हे आम्हांस बरे वाटत नाही.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील संगणक तासाच्या भाड्याने घेणे, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टचे असे केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचे २०१६ पासून मुंबईत. मोठ्या मांडणीत अशा एकेका संगणकाला नोड म्हणतात. गिऱ्हाईक येवो न येवो, नोड चालू आहे तोवर भाडे चढत राहते. मे महिन्याच्या गर्दीसाठी तीन नोड घेतले आणि जून ते सप्टेंबर बाजारात शुकशुकाट असतानाही ते तसेच चालू ठेवले, तर पावसाळ्याचे भाडेही मे महिन्याइतकेच.

हा खर्च तपासण्याची फुकट साधने आहेत. कुबरनेटिस पद्धतीने चालणाऱ्या सर्व्हरसाठी ओपनकॉस्ट हे त्यांपैकी एक. २०२२ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनने ते आपल्या छत्राखाली घेतले. त्याच्या जोडीने 'कुबेक्टल कॉस्ट नोड' अशी आज्ञा काळ्या पडद्यावर टाइप केली की प्रत्येक नोडचा खर्च तक्त्यात दिसतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला हे काम पाच मिनिटांचे आहे.

मात्र तक्ता दिसला म्हणजे हिशेब झाला, असे नव्हे. हे साधन मुळात थोड्या अवधीच्या खर्चावरून महिन्याचा अंदाज बांधते. नाताळच्या गर्दीत जास्तीचे नोड चालू असताना आज्ञा दिली तर महिन्याचा आकडा फुगलेला दिसणार.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुकानाच्या माळ्यावर स्वतःचा सर्व्हर ठेवला असेल आणि त्याचे दर कोणी भरलेच नसतील, तर ओपनकॉस्ट आपल्याजवळचे ठोकळ दर लावते: प्रोसेसरच्या एका गाभ्याला ताशी ०.०३१६११ डॉलर, मेमरीच्या एका जीबीला ०.००४२३७ डॉलर. दोन गाभे आणि आठ जीबीच्या यंत्राला ताशी सुमारे ०.०९७ डॉलर झाले. ७३० तासांचा महिना धरला तर जवळजवळ ७१ डॉलर. हे दर गुगलच्या अमेरिकेतील आयोवा केंद्राचे! महाबळेश्वरच्या विजेच्या बिलाशी, इन्व्हर्टरच्या बॅटरीशी त्यांचा संबंध काय? तरीही तक्त्यात आकडा असा नेटका छापून येतो की पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, नोडच्या एकूण खर्चाशेजारी त्याचा ताशी दर दिसला पाहिजे, आणि तो दर कोठून घेतला हेही. क्लाउड कंपनीच्या यादीतला, वर्षा-तीन वर्षांच्या करारातला सवलतीचा, की साधनाने आपल्या मनाने धरलेला? ओपनकॉस्ट प्रत्येक नोडचा ताशी दर आत मोजतेच. तो लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. दर समोर असला तर लॉजवालाही बिल पडताळू शकतो. त्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही, गुणाकार पुरे.

व्यापारी बांधवांनी आपला सर्व्हर पाहणाऱ्याकडून नोडचे नाव, ताशी दर, चालू तास आणि दराचे मूळ, एवढे चार रकाने लेखी मागून घ्यावेत. बिलावर १८ टक्के जीएसटी असतो, तो वेगळा दाखवायला सांगावा. नाहीतर दर आणि बिल जुळत नाही म्हणून उगाच वाद व्हायचा. आणि ही मागणी मे संपण्यापूर्वी करावी, म्हणजे पावसाळ्यात कोणता नोड बंद ठेवायचा ते वेळेवर ठरवता येईल.