तारणाविना पत

पहिल्या नोकरीसाठी येणारा उमेदवार आणि कर्जासाठी प्रथमच बँकेची पायरी चढणारा माणूस यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. अनोळखी माणसाने आपल्यावर विश्वास टाकावा, असे दोघांनाही वाटत असते. आणि समोरचा अनोळखी माणूस तारण मागत असतो. संगणकाच्या व्यवसायात पदवी हे ते तारण. पदवी वेगळीच, पण घरच्या घरी वेब डेव्हलपमेंट शिकलेली मुले-मुली या तारणावाचून दारात ताटकळत आहेत.

खरे तर वकिली किंवा डॉक्टरकीप्रमाणे या धंद्याला सनद लागत नाही. प्रोग्राम लिहायला पदवी हवी, असा कायदा नाही. शिवाय विद्या फुकट. जीनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेने एप्रिल १९९३ मध्ये वेबचे तंत्र जगाला विनामूल्य देऊन टाकले. कोणत्याही वेबसाइटचे पान उघडून ते कसे बांधले आहे, हे आजही ब्राउझरमध्येच पाहता येते. सुताराने आपले कपाट आतून उघडे ठेवावे, तसे. २०१४ पासून फ्रीकोडकॅम्पसारखे अभ्यासक्रम एक पैसा न घेता शिकवत आहेत.

मग दार बंद का? आपल्याकडे याचा धागा बराच मागे जातो. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली आणि पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांना तयार पदवीधरांची रांगच मिळाली. कॉलेजात जायचे आणि एका दिवसात शेकड्यांनी मुले उचलायची, ही पद्धत रुळली. तिच्या सोयीसाठी चाळण्या आल्या. दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे ६० टक्के हवेत. मध्ये वर्ष वाया गेलेले नको. हेतू वाईट नव्हता. टेबलावर हजार अर्ज पडले की माणूस कसली ना कसली चाळणी लावतोच. पण जी चाळणी गठ्ठा कमी करण्यासाठी केली, तीच पुढे गुणवत्तेची मोजपट्टी म्हणून मिरवू लागली.

माझ्या ओळखीतल्या, सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीचे उदाहरण देतो. बी.कॉम. झालेली, बारावीला ५४ टक्के. जुना लॅपटॉप घेऊन दीड वर्ष शिकली आणि गावातल्या महिला बचत गटासाठी हिशेबाची छोटी वेबसाइट केली. बँकेची सवय जात नाही. मी व्याजाचे आकडे तपासायला बसलो. बरोबर होते. सहज विचारले, की रुपयांऐवजी सगळ्या रकमा पैशांत का साठवल्यास? ती म्हणाली, ‘‘काका, जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर नेमके ०.३ येत नाहीत. सतराव्या दशांश स्थळी एक ४ चिकटतो. अशा हजार नोंदी झाल्या की ताळा जुळेल याची खात्री नाही.’’ संगणक द्विमान पद्धतीने मोजतो आणि त्या पद्धतीत एक दशांश पुरा मावत नाही, हे कारणही तिने सांगितले. एका पैशाच्या फरकापायी रात्री दहापर्यंत लेजरे चाळलेल्या माणसाला या उत्तराचे मोल वेगळे सांगायला नको. साठएक कंपन्यांकडे तिने अर्ज केले होते. हा प्रश्न तिला एकीनेही विचारला नव्हता, कारण अर्ज तिथवर पोचलाच नव्हता. शेवटी पुण्यातल्या आठ माणसांच्या एका कंपनीच्या मालकाने वेबसाइट उघडून नेमके हेच विचारले आणि तीन महिन्यांच्या बोलीवर तिला ठेवून घेतले. पगार बारा हजार.

आता मात्र नवी अडचण उभी आहे. ‘माझे काम पाहा’ हे बिनपदवीच्या उमेदवाराचे एकमेव तारण होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि चार सूचना देऊन नीटनेटकी वेबसाइट कोणालाही उभी करता येऊ लागली. नमुन्यादाखल दाखवलेले काम उमेदवाराचे की यंत्राचे, हे नुसते पाहून कळत नाही. नकली सोने बाजारात आले की अस्सल दागिना घेऊन आलेल्याकडेही सराफ संशयाने पाहतो, तसे झाले आहे. फॉर्म जोडणे, पानाची मांडणी करणे ही नवशिक्याची पहिली कामेही यंत्राकडे चालली आहेत. त्यात २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतलेच अधिक. म्हणजे नवशिक्यांच्या रांगेपुढे अनुभवी माणसांची आणखी एक रांग.

तारण नसलेल्यांना कर्ज द्यायचेच नाही, असे बँकांनीही पुष्कळ वर्षे मानले. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा शाखांमधून नाके मुरडली गेली. पण गटातल्या बायका एकमेकींना ओळखत होत्या, आणि ती ओळख सातबाऱ्याइतकीच भक्कम ठरली. प्रोग्रामरांच्या दुनियेतही तेच पाहतो. ज्याने एखाद्या खुल्या प्रकल्पातली चूक दुरुस्त केली, ज्याच्याशी चार जाणकारांनी त्यावर वाद घातला, त्याच्याविषयी शब्द टाकणारे कोणीतरी असते. तमिळनाडूतल्या झोहो कंपनीने तर बारावी झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन स्वतःच घडवण्याची शाळा काढली, आणि त्यातून आलेली माणसे आज तिथे मोठ्या संख्येने आहेत. पदवीवाचून माणूस पारखता येत नाही, ही सबब त्यामुळे मला पटत नाही.

पारख महाग असते, एवढे मात्र खरे. ‘ही ओळ अशी का लिहिलीस?’ हे विचारायला समोर जाणकार माणूस लागतो आणि त्याचा एक तास जातो. चाळीस उमेदवार म्हणजे चाळीस तास, म्हणजे एका अनुभवी प्रोग्रामरचा पुरा आठवडा. मोठ्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग तो द्यायला राजी नसतात. आठ-दहा माणसांच्या कंपनीचा मालक तो आपल्या रात्रीतून काढतो, मुलीला वर्षभर शिकवतो. आणि मग तिच्या अर्जावर ‘एक वर्षाचा अनुभव’ हे शब्द आले, की तीच मोठी कंपनी तिला दुप्पट पगार देऊन घेऊन जाते.