हत्तीपाय : परिपत्रकाच्या पुढचे काम

बँकेत वरिष्ठ कार्यालयाचे परिपत्रक आले की शाखेतून दोन कागद जात असत : प्रथम पोहोच आणि काही दिवसांनी अनुपालनाचा दाखला. या दोहोंच्या मधल्या काळात खरोखर काय झाले, हे जाणण्यासाठी निरीक्षकाला शाखेत येऊन खतावणी उघडावी लागे. हत्तीरोगाविषयीच्या शासकीय धोरणाकडे पाहताना मला हाच मधला काळ महत्त्वाचा वाटतो.

वाचकांपैकी अनेकांची दुकाने, गोदामे व भातगिरण्या नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आहेत. पोती वाहणाऱ्या एखाद्या हमालाचा सुजलेला पाय आपण पाहिलेला असतो आणि त्याचे प्रारब्ध म्हणून सोडूनही दिलेला असतो. वस्तुतः क्युलेक्स डासाच्या दंशातून शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात, त्या निकामी करतात आणि निचरा न झालेला द्रव पायात साचतो.

आपल्याकडे राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, २००४ पासून भारतात सार्वत्रिक औषधोपचार सुरू झाला आणि आता २०२७ हे लक्ष्यवर्ष आहे. या धोरणाचे दोन भाग आहेत. पहिला गोळ्यांचा : एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी त्या घेतल्या पाहिजेत. हे मोजता येते, म्हणून ते होतेही. दुसरा भाग ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांचा. गोळ्यांनी जुनी सूज उतरत नाही. त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना सांगते की प्रत्येक भागातील रुग्णांची संख्या ज्ञात असावी, रुग्ण आहेत तेथे सेवा उपलब्ध असावी आणि त्या सेवेचा दर्जा तपासला जावा.

ही सेवा म्हणजे काय, तर मुख्यतः पाय धुणे! वाचून हसू येईल; पण त्यामागचे कारण पक्के आहे. सुजलेल्या पायाच्या घड्यांतून आणि बोटांमधल्या भेगांतून जंतू आत शिरतात, थंडीताप भरतो, पाय लाल होऊन ठणकतो. अशा प्रत्येक झटक्यागणिक त्वचा अधिक जाड होते आणि सूज वाढते. मजुराचे तितक्या दिवसांचे खाडे होतात ते वेगळेच. रोज साध्या पाण्याने व साबणाने पाय धुवावा, बोटांमधली जागा न चोळता टिपून कोरडी करावी, भेगांना मलम लावावे, बसताना पाय उंचावर ठेवावा, घोटा हलवावा. एवढ्याने झटके कमी होतात.

यासाठी टब, मग, साबण, टॉवेल व मलम असा संच रुग्णांना दिला जातो. अडचण त्यानंतर सुरू होते. जड पायाच्या वृद्ध माणसाचा हात स्वतःच्या बोटांपर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही. मलम संपते आणि टब धान्य भरण्यास वापरला जातो. आशा सेविका पुन्हा आली, घरातील सुनेला वा मुलाला शिकवून गेली, तरच सवय टिकते. वाटलेल्या संचांची संख्या अहवालात चढते. त्या घरात वर्षभरात तापाचे झटके किती आले, हा रकाना मात्र भरला गेला पाहिजे. माझ्या मते खरा ताळेबंद तोच.

आपल्या विश्वस्त संस्था शिबिरात टब वाटतात, छायाचित्रही निघते. त्याऐवजी पन्नासच रुग्ण घ्यावेत, पण वर्षभर मलम, सैल पादत्राणे आणि दरमहा घरी जाणारी एक प्रशिक्षित व्यक्ती यांचा खर्च उचलावा. पेढीवर असा कामगार असल्यास त्याला पाय वर ठेवून बसता येईल अशी जागा द्यावी व तापाच्या दिवशी पगारी रजा द्यावी. झटक्यात शेक किंवा मालीश करू नये. थंड पाण्याची पट्टी ठेवून डॉक्टरांकडे पाठवावे. अंडवृद्धी असलेले पुरुष लाजेने गप्प राहतात. त्यांना मालकाने एकांतात सांगितलेले पटते की तो विकार शस्त्रक्रियेने बरा होतो.

आपल्या घरांतही हा विकार वेगळ्या वाटेने येतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढल्यावर काही भगिनींचा हात सुजतो. तेथे कृमी नसतात, पण त्वचेची निगा व व्यायाम तसेच लागतात, शिवाय तज्ज्ञांच्या सल्ल्याने दाब देणारी बाही. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना हाताविषयी कोणी काही सांगितले नाही, तर आपणच विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे.